जवळ बसणारं माणूस

"स्वेटर धुतला मी, खून नाही केला कुणाचा!" ताई ओरडली आणि हातातला कप तिनं ओट्यावर असा आपटला की कान तुटून बेसिनमध्ये गेला. "आल्यापासून तेच तेच. अरे, बुरशी धरली होती त्याला. कॉलर बघितली होतीस? मला वाटलं, आईचा आहे, जरा नीट करून ठेवावा. चुकलं. शंभरदा म्हटलं, चुकलं. आता काय नाक घासू?"

"घास," तो म्हणाला. "नाकाचाच तर सगळा घोळ आहे."

"भडक्या, थोबाड फोडीन."

"फोड ना. आधी बाबांचं बोट लाव परत."

हे तो बोलला आणि बोलता बोलताच त्याला कळलं की आपण हलकट आहोत. पण जीभ थांबली नाही. त्याची जीभ कधीच थांबायची नाही, म्हणून तर घरात त्याला भडक्या म्हणायचे. ताईचा चेहरा एकदम रिकामा झाला. ती बेसिनमध्ये वाकून कपाचा कान शोधायला लागली. असं वाकून काही शोधायला लागली की ती रडतेय हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. पाठीचा मणका फ्रॉकमधून दिसायचा तेव्हा, आता ड्रेसमधून दिसत होता, एवढाच फरक. बाहेरच्या खोलीत कात्रीचा आवाज बंद पडला, म्हणजे बाबांनी ऐकलं. मग परत सुरू झाला, म्हणजे त्यांनी ठरवलं की ऐकलं नाही. दुपार नुसती तापली होती. पडदे ओढलेले, तरी पडद्याच्या विणीतून ऊन आत येत होतं, आणि घरभर ज्याचा त्याचा वास सुटला होता. बेसिनचा, ओल्या फडक्याचा, ताईच्या पर्समधल्या बडीशेपेचा. ताईच्या केसांना तर सासरच्या जिन्याचा वास होता, फिनेल आणि कुणाचं तरी मांजर. इतकं बारीक त्याला पूर्वी येत नव्हतं. गेल्या वेळेच्या जरा आधीपासून यायला लागलं होतं. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं.

बाबांना पालट यायचा. म्हणजे अधूनमधून एखाद्या दिवशी ते लांडगा व्हायचे. शहरात अशी घरं पुष्कळ होती, गल्लीत एखादं तरी असायचंच, आणि लोक त्याबद्दल बोलायचे ते मूळव्याधीबद्दल बोलावं तसं, आवाज खाली आणून आणि स्वतः थोडं मागे सरकून. चंद्राबिंद्राचा काही संबंध नाही, ते गोष्टीतलं. पालट यायच्या आदल्या दिवशी बाबांना जेवणात मीठ लागायचं नाही. मग हिरड्या शिवशिवायच्या. मग ते म्हणायचे, "कात्री फार वास मारतेय," आणि कात्री कापडात गुंडाळून ठेवायचे. ते कटिंग मास्तर होते. मोठ्या दुकानात कोट बेतायचे. शेठ म्हणायचा, मास्तरच्या हातचा मुंढा असा बसतो की गिऱ्हाइकाला आपल्याला खांदे आहेत हे पहिल्यांदा कळतं. शेठला पालटाचं ठाऊक होतं. त्या दिवशी सुट्टी द्यायचा. पगार कापायचा आणि वर म्हणायचा, "तब्येत सांभाळा."

आणि लोकांना वाटतं तसं काही नसतंच. पालटलेला माणूस कुणाच्या नरड्याला जात नाही. त्याला एकटं सोडलं तर तो स्वतःला खातो. पुढचे, मागचे, मिळतील ते पंजे चावत सुटतो, का ते कुणाला माहीत नाही. एकटेपणा त्याला सहन होत नाही म्हणतात. पालट उतरला की पंजांचे हातपाय होतात, पण जे चावलं ते परत येत नाही. म्हणून घरातल्या एकानं जवळ बसायचं असतं. करायचं काही नाही. गोंजारायचं नाही, बोलायचं नाही. आतल्या खोलीत भिंतीला टेकून नुसतं बसायचं, आपल्या अंगाचा वास येऊ द्यायचा, की त्याला कळतं, कुणीतरी आहे. लग्न होऊन गेलेल्या मुलीला बसवत नाहीत, तिला दुसऱ्या घराचा वास लागलेला असतो, तो त्याला परका वाटतो. आई होती तोवर आईच बसायची. विणकाम घेऊन आत जायची आणि संध्याकाळी बाहेर येऊन म्हणायची, "चला, एक बाही झाली." जणू काही बागेत जाऊन आली. मग आई तापानं गेली. बसायला तो एकटा उरला. आणि खोलीत खिळ्याला आईचा स्वेटर. तो धुवायचा नाही हे घरातल्या भिंतींनाही माहीत होतं. ताई मात्र लग्नानंतर स्वच्छतेच्या घरात गेली होती, तिथे पायपुसणंसुद्धा इस्त्री करतात. मागे आली तेव्हा तिनं जाता जाता तो स्वेटर काढला, गरम पाण्यात भिजवला, सावलीत वाळवला आणि परत खिळ्याला लावला. सुगंधी. मग गेल्या वेळी पालटात बाबा बिथरले. तो दार उघडून आत गेला आणि बाबा त्याच्यावर गुरगुरले. त्याच्यावर! मानेवरचे केस उभे, ओठ मागे, डोळ्यांत ओळख म्हणून नाही. तो पळाला. बाहेरून कडी लावून पाठ दाराला टेकून उभा राहिला, आणि आतून येणारा तो बारीक, ओला, कुरतडण्याचा आवाज ऐकत राहिला. दुसऱ्या दिवशी बाबांच्या उजव्या हाताची करंगळी वरच्या पेरापासून नव्हती. शेठनं पट्टी बघितली आणि म्हणाला, "अजून एखादं गेलं तर मास्तर, मी तुम्हाला काज-बटणावर बसवीन. काय करणार." अख्ख्या घरानं ठरवलं की स्वेटरमुळे झालं. स्वेटर धुतला, आईचा वास गेला, बाबा बिथरले. सरळ हिशेब. ताईनं फोनवर ऐकलं तेव्हा नुसता तिच्या घरातल्या पंख्याचा आवाज येत राहिला.

पण स्वेटरमुळे नव्हतं झालं. त्याला माहीत होतं. त्या दिवशी सकाळी अंडं खाताना त्यानं वरून मीठ घेतलं, परत घेतलं, आणि लागलं नाही. पालट तेव्हा आला नाही, एवढंच.

शाळेत यावर धडा होता. 'नरलांडगे: स्वभाव व गुणधर्म.' चित्रात जीभ बाहेर काढलेला, पँट फाटलेला, आणि मागे डोंगर. त्यानं आयुष्यात डोंगर पाहिला नव्हता, बाबांनीही नसेल. त्यांचा पालट गोदामाच्या मागच्या भिंतीकडे तोंड असलेल्या खोलीत यायचा, जिच्यात एक मोडकं मशीन आणि अस्तराचे तुकडे ठेवलेले असायचे. बाईंनी चाचणी घेतली. स्वभाव व गुणधर्म लिहा. बाकीच्यांनी लिहिलं, क्रूर असतो, रक्तपिपासू असतो, रुप्याला घाबरतो. त्याला वाटलं, हे तर आपल्याला येतं. सबंध इयत्तेत आपल्यालाच येतं. त्यानं लिहिलं, तो रडतो. पाण्याचं भांडं सांडलं तर लाजतो आणि कोपऱ्यात जातो. माझ्या पायावर हनुवटी ठेवतो, पाय बधिर झाला तरी हलवायचा नाही, हलवला तर दचकतो. पालट उतरताना त्याला थंडी वाजते म्हणून आधी चादर टाकायची, मग बघायचं नाही, कारण उघडे बाबा बघायचे नसतात. बाईंनी ते वर्गात मोठ्यानं वाचलं. दुष्टपणानं नाही. त्यांना वाटलं गंमत आहे. मागच्या बाकावरून कुणीतरी कोल्हेकुई केली, धड लांडग्याची पण नाही, कोल्ह्याची. आणि सगळा वर्ग फुटला. बाईसुद्धा हसल्या, तोंडावर खडूनं भरलेला हात ठेवून, ओठावर पांढरं लागलं त्यांच्या. त्यानं बाक उलटा केला आणि चालत घरी आला. शर्ट काढून पेटीत कोंबला आणि परत त्या रस्त्याला गेला नाही. बाबांनी विचारलं, काय झालं, तो म्हणाला, काही नाही. बाबांनी परत विचारलं नाही. त्यांच्या घरात विचारायचं ते एकदाच. धड्यात एक ओळ होती ती त्यानं उत्तरात घेतलीच नव्हती, कारण ती त्याला सगळ्यात बावळट वाटली होती: वयात आलेला नर कळप सोडून जातो. कळप कुठला, च्यायला. तीन तर माणसं.

ताईनं कपाचा कान शोधून काढला आणि तो कपाला लावून बघत राहिली, जणू आपोआप चिकटणार. "मी बसते आज," ती म्हणाली.

"स्वतःला हुंगून बघ आधी. भाऊजींच्या घरचं फिनेल येतंय."

"मग तू बस. बसणार ना तू? एवढं तरी सांग. उगाच मला मघापासून शिव्या घालतोयस आणि स्वतः मात्र बूट घालून उभा. घरात बूट का घातलेस?"

त्यानं बुटांकडे पाहिलं. गोदामाशी उस्तादचा ट्रक भरत होता. उस्ताद ट्रक चालवायचा आणि त्याला क्लीनर हवा होता. म्हणाला होता, "येणार असशील तर ये. दुपारनंतर एकदा हॉर्न वाजवीन. मी काही तुझा मामा नाही दुसऱ्यांदा वाजवायला." कुठे जाणार, किती दिवस, काही विचारलं नव्हतं त्यानं. लांब, एवढंच. हिरड्या आता अशा शिवशिवत होत्या की जीभ सारखी तिथे जात होती. आज नाहीतर उद्या. ट्रकमध्ये, लोखंडी पाट्यांच्या मागे, कुणाला न कळता. त्यानं तेवढाच विचार केला होता, पुढचा नाही. पुढचा विचार आला की त्याला आतून येणारा तो ओला आवाज ऐकू यायचा, आणि मग तो कुणालातरी शिवी द्यायचा. बहुतेक ताईला.

"ताई," बाबांनी बाहेरून हाक मारली, "खाली इस्त्रीवाल्या मावशींकडे माझा एक कोट आहे. तेवढा घेऊन ये बरं."

"आत्ता?"

"आत्ताच. नंतर मला नाही सांगता येणार."

ती चप्पल घालून गेली. बाबा टेबलाशी उभे होते. एक बाही बेतून झाली होती, कापडावर खडूच्या रेषा सरळ, नेहमीसारख्या, पण कात्री त्यांनी चार बोटांत धरली होती आणि पट्टीचं बोट बाजूला काढून ठेवलेलं, पाहुण्यासारखं. त्यांनी कात्री कापडात गुंडाळली, मनगटावरचं घड्याळ काढलं, मग गळ्यातली टेप. पालटाआधी ते असंच एकेक काढून ठेवायचे. टेप गुंडाळता गुंडाळता, वर न बघता म्हणाले, "दात शिवशिवतात?"

त्यानं तोंड मिटून जीभ हिरड्यांवरून फिरवली.

"मीठ?"

"नाही लागत."

"हं." टेपची गुंडाळी त्यांनी खिशात ठेवली, परत काढली, टेबलावर ठेवली. "मला गेल्या वेळीच वास आला. तू दारातून आत आलास आणि तू नव्हतासच. दुसराच कोणी. माझ्या घरात, माझ्या बायकोच्या स्वेटरखाली दुसरा नर उभा. उतरल्यावर मला कळलं, तूच होतास तो."

"मग ताईला का नाही सांगितलंत? ती बिचारी नाक घासायला निघालीय."

"तू का नाही सांगितलंस?"

"मी विचारलं आधी."

"आधी विचारणाऱ्याचं काय, बक्षीस असतं?" बाबा हसल्यासारखे झाले, मग ते हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, काढायचं विसरल्यासारखं. "मला वाटलं, स्वेटरवर जातंय तर जाऊ दे. तेवढे दिवस तू घरात."

म्हणजे दोघांनीही तिच्यावर ढकललं होतं. बाप आणि मुलगा, दोघं समोरासमोर जेवत होते, एकमेकांना मीठ सरकवत होते, आणि ती तिकडे दुसऱ्या घरात रात्र रात्र जागत असणार की आपल्या हातून आईचा शेवटचा वास गेला आणि बापाचं बोट गेलं. त्याला इतका संताप आला की कानशिलं तापली. बाबांचा की स्वतःचा, ते वेगळं काढता येईना. "मग आता काय करायचं म्हणता?"

"दोन नर एका घरात नाही राहत. तू माणूस असलास तरी मला आत गेल्यावर ते कळत नाही. आणि तू आत पालटलास तर तुलाही कळणार नाही."

"आजोबा होते की. तुम्ही आणि आजोबा."

"आजोबांची बोटं आठवतात?"

आठवत होती. डाव्या हाताला अंगठा आणि करंगळी, मधे मोकळं. त्या हातानं ते त्याला खांद्यावर धरायचे आणि तो लहानपणी त्या मोकळ्या जागेतून पलीकडे बघायचा. लाकूड कापायच्या मशीनमध्ये गेली, असं घरात सांगायचे. मशीनचा आवाजसुद्धा काढून दाखवायचे आजोबा, घुर्रर्र.

"मशीन नव्हतं ते," बाबा म्हणाले. "मी निघालो त्या दुपारी घरात दुसरं कोणी नव्हतं बसायला. मी बस स्टँडवर होतो. मला माहीत होतं. तिकीट काढलं, खिडकीची जागा मिळाली."

"आणि पुढे? तुमच्याजवळ कोण बसलं? आई यायच्या आधी?"

बाबांनी डाव्या पायाचा बूट जमिनीवर घासला, आणि त्याचं टोक आत काही नसल्यासारखं दुमडलं. ते घरातही बंद बूट घालायचे. त्याला वाटायचं, मास्तरांची ऐट.

"म्हणजे मी गेलो तर तुमची बोटं जाणार," तो म्हणाला, "आणि थांबलो तर आपल्यातला एक जण."

"हो," बाबा म्हणाले. कापड आखूड पडलं की गिऱ्हाइकाला सांगायचे त्याच आवाजात. काही करता येण्यासारखं नाही, पण कापड छान आहे, असा तो आवाज. त्याला हा आवाज आयुष्यभर चीड आणत आला होता. त्याला वाटलं, टेबल उलटं करावं, बाक केला होता तसं. पण टेबलावर बाही होती. खडूच्या रेषा होत्या. त्यानं टेबलाची कड धरली आणि सोडली. बाबा आतल्या खोलीत गेले. चालण्यात थोडा कल आला होता, खांदे पुढे. दार त्यांनी लोटून घेतलं.

ताई जिना चढून आली तीच ओरडत. "कोट नाहीच म्हणते मावशी. कुठला कोट? मला काय वेडी समजता का तुम्ही दोघं?" मग तिनं बंद दार पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आत गेले? आणि तू इथे काय करतोयस?"

तो पलंगाखाली गुडघ्यावर बसला होता. पत्र्याची पेटी ओढली. जुनी पुस्तकं, फाटका कंपास, आणि तळाशी बोळा करून कोंबलेला शाळेचा शर्ट. तो त्यानं झटकलाही नाही. नाकाशी नेला आणि लगेच दूर धरला. शाई, खडू, घाम, तेव्हाचा घाम, आंबट आणि पातळ, एखाद्या पोराचा. हा पोरगा त्याला आवडला नाही. फार विश्वास होता त्याच्या वासात. "हा घाल," तो म्हणाला. "तुझ्या कपड्यांवरून घाल. सगळी बटणं लाव. आत जा आणि भिंतीला टेकून बस. पायावर हनुवटी ठेवली तर हलू नकोस. मुंग्या आल्या तरी."

"तू नाही बसणार?"

"घाल म्हणतो ना!"

तिनं घातला. खांद्यात तंग झाला, बाह्या कोपराच्या जरा खाली संपल्या. केस तिनं आत कॉलरमध्ये खोचले. आतून पाण्याचं भांडं लवंडल्याचा आवाज आला आणि मग काहीच नाही. मग तो आवाज यायला लागला, हळूच, बारीक. ताई दाराकडे धावली. दार ढकललं, एक पाय आत टाकला आणि दोघंही श्वास धरून उभे राहिले, ती उंबऱ्यात, तो तिच्यामागे लांब, जिन्याच्या दाराशी, भिंतीला चिकटून, की आपला वास आत जायला नको. कुरतडणं थांबलं. नखं फरशीवर वाजली. हुंगण्याचा आवाज, लांबलचक, कापड वर ओढावं तसा. आणि मग आतून एक असा आवाज आला, जो धड्यात नव्हता आणि त्यानं उत्तरात लिहिला तेव्हा वर्ग हसला होता. बाबा रडत होते. ताई आत गेली. दार तिनं मागे लोटलं, आतून कडी घातली.

गोदामाकडून हॉर्न वाजला. एकदाच. तो हलला नाही. जिभेवर काहीतरी गरम लागलं. हिरडी फुटली होती. रक्ताला मात्र मिठाची चव होती, हे त्याला विचित्र वाटलं. टेबलावर आईचा स्वेटर घडी करून ठेवलेला होता, ताईनंच सकाळी खिळ्यावरून काढलेला. त्यानं तो उचलला, हुंगला. साबण. आता त्याच्या नाकाला सगळी गल्ली ऐकू येत होती म्हटलं तरी चाललं असतं, पण त्या स्वेटरमध्ये साबणापलीकडे काही नव्हतं. त्यानं तो परत ठेवला. घडी मोडली होती, ती नीट केली.

"भडक्या," दाराच्या आतून ताई म्हणाली. अगदी हळू, पाय न हलवता बोलत असणार. "आहेस का रे?"

"हं."

"पायावर ठेवलंय डोकं. करंगळीशेजारचं थोडं सोललंय, बाकी आहे सगळं." आत तिनं कॉलर हुंगल्याचा आवाज आला. "हा शर्ट... याला तुझा वास येतो. लहानपणचा. मघाशी माझ्यावर ओरडत होतास तेव्हा तुला असा येत नव्हता. दुसराच काहीतरी येत होता, मला वाटलं, ट्रकवाल्यांबरोबर राहतोस म्हणून." मग आणखी हळू, "म्हणजे स्वेटरचं काही नव्हतंच ना?"

"नव्हतं."

"कधीपासून माहीत होतं तुला?"

त्यानं स्वेटरच्या घडीवरची एक सुरकुती बोटानं सपाट केली.

"हलकट," ती म्हणाली. पण ते शिवीसारखं आलं नाही. नुसतं आलं. मग तिचा श्वास एकदम अडकला, ते त्याला दारातून ऐकू आलं, आता त्याला सगळंच ऐकू येत होतं. "अरे... मग तुझ्याजवळ कोण बसणार?"

खाली गोदामाशी ट्रकचं इंजिन सुरू झालं. जुनं इंजिन, खोकून खोकून सुरू होणारं, उस्ताद त्याला आईवरून काहीतरी म्हणत होता. "भडक्या," ताई म्हणाली, "अरे, बोल ना. तुझ्याजवळ रे?" त्यानं जिन्याचं दार उघडलं. हात दाराच्या कडीवर होता, त्याचाच, पाच बोटं, सगळी शाबूत, नखांखाली पेटीचा गंज. "ताई, पाय हलवू नकोस," तो म्हणाला. "मला निघायला हवं आता."